98 गुणिले 112

पडद्यावरचा हा कागद आधी लांबून बघा. एक जोडपं दिसतंय, बरोबर? आता जवळ या, अजून जवळ. जोडपं गायब. राहिली नुसती लाइन प्रिंटरची (कॉम्प्युटरला जोडलेलं, ओळीच्या ओळी छापणारं यंत्र) अक्षरं, गडद हवं तिथे एकावर एक छापलेली.

हे 1969 चं काम, ब्राझीलमधल्या साओ पावलोचं. करणारे दोघं. वाल्देमार कोर्देइरो, चित्रकार, जन्म रोमचा, 1925 चा. आणि जॉर्जिओ मॉस्काती, तिथल्या विद्यापीठातला फिजिक्सवाला. कोर्देइरो काही नवखा नव्हता, 1952 लाच 'रुप्तुरा' ग्रुपमधून भूमितीवाल्या चित्रांचा झेंडा लावून झाला होता, शिवाय बागांची डिझाइन्सही करायचा.

फोटो घेतला व्हॅलेंटाइनच्या पोस्टरवरचा (तिकडे हा दिवस जूनमधे असतो). स्कॅनर वगैरे प्रकार हाताशी नव्हताच, मग फोटोच्या चौकटी पाडल्या, 98 गुणिले 112, म्हणजे 10,976 ठिपके, आणि एकेक ठिपका किती काळा ते ठरवून त्याला आकडा, एकूण सात छटा. मग ते आकडे आयबीएम 360/44 या कॉम्प्युटरला खायला घातले. लोक म्हणतात ना 'कॉम्प्युटरने काढलेलं चित्र', मला ते ऐकून हसूच येतं.

आता खरी गंमत. त्या आकड्यांचं डेरिव्हेटिव्ह काढलं, बारावीला आपल्याला छळणारं, तेच. शेजारशेजारच्या ठिपक्यांत फरक किती, एवढंच विचारायचं. फरक नाही तर कागद कोरा, फरक मोठा तर गडद. त्यामुळे गाल, कपाळ, जे जे सपाट ते सगळं पुसलं जातं आणि कडा तेवढ्या राहतात. त्याचं परत डेरिव्हेटिव्ह, की कडांच्याही कडा. हा शेवटचा कागद... ओळखू येतायत का दोघं?

आणि हा कोर्देइरोचाच, 1971 चा चेहरा. व्हिएतनामी मुलगी. चित्राचं नाव, 'बी.बी. नसलेली बाई'. बी.बी. म्हणजे ब्रिजित बार्दो, फ्रेंच सिनेमातली नटी.

(इथे पाच सेकंद काही बोलायचं नाही.)

त्याच वर्षी कोर्देइरोने 'आर्तेओनिका' (आर्ट अधिक इलेक्ट्रॉनिक्स) प्रदर्शन भरवलं, देशात लष्करी राजवट चालू असताना. म्हणणं असं की गॅलरीत येऊन येऊन येणार किती माणसं, चित्र एकदा इलेक्ट्रॉनिक झालं की ते लांबच्या माणसापर्यंत पोचवता येईल. 1971 मधे बोलतोय हा माणूस! तरी कॉम्प्युटर आर्टच्या गप्पा निघाल्या की अमेरिका, जर्मनी झालं की संपलं.

1972 ला तो ब्राझीलमधल्याच काम्पिनासच्या विद्यापीठात गेला, 1973 ला वारला, 48 व्या वर्षी.

हा व्हिडिओ त्याच 1973 चा. 'एम तीन बाय तीन'. त्याच्या मुलीने, आनालिव्हियाने केलेला. नऊ नर्तकी, तिघींच्या तीन रांगा, हालचाली कॉम्प्युटरवर बसवलेल्या. हात बघा त्यांचे.