आज गप्प, उद्या स्पष्ट

श्रोतेहो, नमस्कार.

खरं बोलावं, याबद्दल कुणाचं दुमत नाही. अडतं ते कधी बोलावं आणि कधी गप्प राहावं, इथं. भरल्या पंगतीत "आमटी खारट झालीय गं सूनबाई" असं मोठ्यानं सांगणारी माणसं स्वतःला स्पष्टवक्ती म्हणवतात. मला हे मुळीच पटत नाही. तेच पंगत उठल्यावर, ओट्यापाशी, हळू सांगता येतं.

पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे म्हटलं की आपल्याला राघोबादादांना सुनावलेलं देहान्त प्रायश्चित्त आठवतं. शाळेतही तेवढंच शिकवतात, आणि ते फार अपुरं आहे. कारण त्याआधीची एक हकिकत मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफनं नोंदवून ठेवली आहे, आणि ती मला जास्त मोलाची वाटते.

माधवराव पेशवे 1761 साली गादीवर आले, तेव्हा अवघे सोळा वर्षांचे. पुढं त्यांना जपतपाचा नाद लागला. एके दिवशी शास्त्रीबुवा कामासाठी गेले, तर पेशवे ध्यानाला बसलेले. शास्त्री काय बोलले? काही नाही. एक शब्द नाही. आले तसे परतले.

दुसऱ्या दिवशी मात्र ते पुणं सोडायची तयारी करूनच आले आणि काशीला जायची परवानगी मागू लागले. पेशवे काय ते समजले. कालच्याबद्दल त्यांनी दिलगिरी दाखवली, पण ध्यानाला बसणं योग्यच होतं, असंही म्हणाले. आता शास्त्री बोलले. ब्राह्मण असून राज्य हाती घेतलंत, तर रयतेचं भलं पाहणं हाच तुमचा धर्म. ते जमत नसेल तर गादी सोडा आणि चला माझ्याबरोबर गंगाकाठी. पेशव्यांना ते पटलं. त्यांनी तो नाद सोडला.

आदल्या दिवशी गप्प, दुसऱ्या दिवशी स्पष्ट. ध्यान लागलेल्या माणसाच्या कानात काय शिरणार होतं? पण लक्षात घ्या, गप्प राहिले ते एका रात्रीपुरतेच. वर्षानुवर्षं मनात कुढत बसले नाहीत.

आणि 1773 साली राघोबादादांचे पुतणे, पेशवे नारायणराव यांचा खून झाला, तेव्हा? तेव्हा आधी चौकशी केली, पुरावा पाहिला, आणि मग राघोबादादांना त्यांच्या तोंडावर दोषी ठरवलं. तिथं भीड नाही, आडपडदा नाही. त्यांच्या राज्यात राहणार नाही म्हणून पुणं सोडलं. राघोबादादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांच्या, म्हणजे बारभाईंच्या, हाती कारभार आल्यावर शास्त्रींना परत बोलावलं गेलं, आणि ते पुन्हा त्याच न्यायासनावर बसले.