नक्कल, पण कुठल्या फझची?

[पडदा काळा. सहा तारांच्या बास गिटारचा स्वच्छ सूर. काही क्षणांनी तोच सूर फाटतो, भुंग्यासारखा घोंगावू लागतो.]

निवेदन :
गिटारच्या या फाटक्या, घोंगावणाऱ्या आवाजाला ‘फझ’ म्हणतात. तो बिघाडातून जन्मला. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात, ब्रॅडली यांच्या स्टुडिओत, गायक मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं रेकॉर्डिंग चालू होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बास वाजवत होते. त्यांचा सूर मिक्सिंग कन्सोलच्या ज्या चॅनलमधून जात होता, त्यातला ट्रान्सफॉर्मर नेमका तेव्हाच दगा देत होता. सूर फाटला, पण रेकॉर्डिंग तसंच ठेवलं गेलं. १९६१ साली गाणं बाजारात आलं आणि तो फाटका तुकडाच लोकांच्या लक्षात राहिला.

तोच आवाज हवा म्हणून इतर वादक स्टुडिओत विचारणा करू लागले. तोवर कन्सोलचा तो भाग पुरता निकामी झाला होता. मग रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनी रेव्हिस हॉब्ज या सहकाऱ्याच्या मदतीने तो बिघाड मुद्दाम घडवणारं ट्रान्झिस्टरचं सर्किट तयार केलं आणि गिब्सन कंपनीला दिलं. १९६२ मध्ये ते ‘मेस्ट्रो फझ-टोन एफझेड-१’ या नावाने दुकानांत आलं. तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, दीड व्होल्टचे दोन सेल आणि पायाने दाबायचं एक बटण, एवढाच ऐवज.

म्हणजे बाजारात आलेलं पहिलं फझ पेडल, गिटार आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये जोडायचा हा पायाखालचा डबा, हीही नक्कलच होती, एका मेलेल्या ट्रान्सफॉर्मरची. जुन्या फझ पेडलच्या आजच्या प्रतिकृती पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी असं मला वाटतं. ‘मूळ आवाज’ हा शब्द या क्षेत्रात फार सहज वापरला जातो.

[ऑसिलोस्कोपचा पडदा. गोल, लहरता आलेख. आवाज वाढतो तशी लहरींची टोकं सपाट होतात.]

निवेदन :
फझमध्ये घडतं ते असं. ट्रान्झिस्टर गिटारचा बारीकसा सिग्नल मोठा करतो. पण बॅटरी जेवढ्या व्होल्टची, तेवढीच त्याची धाव. त्यापलीकडे ढकललं की लहरींचे माथे कापले जातात. गोल लहर जवळजवळ चौकोनी होते आणि सुरात मूळ तारेत नसलेले स्वर मिसळतात. शिवाय तार मंद होत गेली तरी कापलेली लहर बराच वेळ तेवढ्याच उंचीवर राहते. म्हणून फझमधला सूर लांबतो, एखाद्या पितळी वाद्यासारखा टिकून राहतो.

गिब्सनने हे पेडल विकलं तेही असंच सांगून, की यातून गिटार ट्रम्पेटसारखी वाजेल, चेलोसारखी वाजेल. लोकांना ते फारसं पटलं नाही, पेडल दुकानांत पडून राहिलं. मग मे १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स या बँडच्या गिटारवादक कीथ रिचर्ड्सने ‘सॅटिस्फॅक्शन’ची सुरावट हेच पेडल लावून वाजवली. त्याच्या मनात तिथे खरं तर हॉर्न सेक्शन, म्हणजे ट्रम्पेटसारख्या फुंकून वाजवायच्या वाद्यांचा ताफा होता, गिटारने फक्त जागा धरून ठेवायची होती. हॉर्न आलेच नाहीत, गाणं गिटारसकट बाहेर पडलं, आणि दुकानांतली पेडलं संपली.

त्याच महिन्यांत लंडनमध्ये आणखी एक गंमत घडली. यार्डबर्ड्स या बँडने ‘हार्ट फुल ऑफ सोल’ या गाण्यासाठी सतारवादक बोलावला होता. सतार त्या गाण्यात हवी तशी उठेना. शेवटी बँडचा गिटारवादक जेफ बेकने तीच धून फझ लावून, तारा खेचून, इलेक्ट्रिक गिटारवर वाजवली. दोन्ही गाणी जून १९६५ मध्ये बाजारात आली. एकीकडे फझ हॉर्नच्या जागी उभं राहिलं, दुसरीकडे सतारीच्या. थोड्याच दिवसांत लोकांना ते स्वतःच्याच आवाजासाठी हवं झालं.

[लंडनचे जुने रस्ते, वाद्यांच्या दुकानांच्या काचा.]

निवेदन :
लंडनमध्ये गॅरी हर्स्ट नावाचा तरुण इंजिनिअर होता. वादक व्हिक फ्लिक यांनी मेस्ट्रोचं पेडल त्याच्याकडे आणलं आणि सूर आणखी लांबव असं सांगितलं. हर्स्टने सर्किट बदललं, त्याला नऊ व्होल्टवर चालवलं. त्यातून ‘टोन बेंडर’ जन्मलं आणि मकारी बंधूंच्या ‘सोला साउंड’ या नावाखाली विकलं जाऊ लागलं. पुढच्या वर्षी, १९६६ मध्ये, वाद्यविक्रेते आयव्हर आर्बिटर यांनी ‘फझ फेस’ हे पेडल आणलं. माइकच्या स्टँडच्या गोल तळावरून त्याच्या डब्याचा आकार सुचला. दोन नॉब म्हणजे डोळे, खाली हसरं तोंड. त्याच वर्षी अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स लंडनला येऊन पोचला.

[फझ फेसची मागची पट्टी उघडते. आत जवळजवळ रिकामा डबा, मध्ये सर्किटची एक छोटीशी पाटी.]

निवेदन :
हे जरा थांबून बघा. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कॅपॅसिटर, आणि नॉबांखालचे दोन फिरते रेझिस्टर, म्हणजे पोटेन्शिओमीटर. एकूण ११ भाग. एवढ्या मोठ्या नावाच्या पेडलच्या पोटात एवढंच आहे. सोल्डरिंग येणारा कॉलेजचा विद्यार्थी एका संध्याकाळी हे जोडेल. मग याच्या शेकडो प्रतिकृती का निघतात, आणि एक दुसरीसारखी का वाजत नाही?

उत्तर त्या दोन ट्रान्झिस्टरांत आहे. सुरुवातीच्या फझ फेसमध्ये इंग्लंडच्या न्यूमार्केट कंपनीचे ‘एनकेटी २७५’ असत. काहींत ‘एसी १२८’ सापडतात. दोन्ही जर्मेनियमचे. असा ट्रान्झिस्टर करताना जर्मेनियमच्या पातळ चकतीच्या दोन्ही बाजूंना इंडियम धातूचे थेंब वितळवून मुरवत. थेंब किती आत मुरला, मध्ये किती जाडीचा थर उरला, यावर ट्रान्झिस्टर सिग्नल किती पट मोठा करणार हे ठरायचं. एकाच पेटीतल्या दोन नगांत दुपटीचा फरक सहज पडे. रेडिओ बनवणाऱ्यांना ते चालायचं, कारण त्यांची सर्किटं असा फरक पोटात घेतील अशीच आखलेली असत. फझ फेसचं सर्किट काहीच पोटात घेत नाही. आत जसा ट्रान्झिस्टर, तसा बाहेर आवाज.

म्हणून १९६६ सालचे दोन फझ फेसही एकमेकांसारखे वाजत नाहीत. एकाचा सूर जाड आणि मऊ, दुसऱ्याचा तुटक, तिसरा नुसता खरखरतो. हेंड्रिक्ससाठी काम करणारे इंजिनिअर रॉजर मेयर बऱ्याच नगांमधून चांगला वाजणारा निवडत. आपण रेकॉर्डवर ऐकतो तो आवाज निवडलेल्या पेडलचा, आणि तोही मेयर यांच्यासारख्या जाणकाराचा हात लागलेल्या सामानातून आलेला. दुकानातून कुठलाही डबा उचलणाऱ्या सामान्य गिऱ्हाइकाच्या वाट्याला तो क्वचितच येत असणार.

म्हणून कुणी ‘आमची प्रतिकृती हुबेहूब मूळासारखी’ असं म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा : कुठल्या मूळासारखी?

[कामाचं टेबल. प्लास्टिकच्या खणांत शेकडो छोटे धातूचे ट्रान्झिस्टर. मीटरवर आकडे.]

निवेदन :
या प्रश्नाचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर लहान कारागिरांनी दिलं आहे, असं माझं मत आहे. अमेरिकेतल्या ‘ॲनालॉग मॅन’चं ‘सन फेस’ घ्या. ते वेगवेगळ्या ट्रान्झिस्टरांत मिळतं, आणि ट्रान्झिस्टर मोजून, जोड्या लावून बसवलेले असतात. पहिला कमी ताकदीचा, साधारण ७०-८० पट, दुसरा त्याहून जास्त, १००-१२० च्या पुढे, असा जाणकारांत रुळलेला हिशोब आहे. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर, म्हणजे सिग्नल बाहेर पडतो त्या टोकावर, साधारण साडेचार व्होल्ट, म्हणजे बॅटरीच्या निम्मे, मिळाले की पेडल मोकळ्या गळ्याने गातं. साठच्या दशकात दुकानात येणाऱ्या पेडलांसाठी अशी मोजणी क्वचितच होत असावी. चांगल्या प्रतिकृतीत साधारण जुन्या नगापेक्षा जास्त काळजी ओतलेली असते, हे सांगायला मला काहीच संकोच वाटत नाही.

जर्मेनियमचा दुसरा स्वभाव म्हणजे गळती. ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडा प्रवाह झिरपतो, आणि तापमान दर दहा अंशांनी चढलं की तो साधारण दुप्पट होतो. लंडनच्या वीस अंशांच्या खोलीत जुळवलेलं पेडल मे महिन्यात नागपूरला पंचेचाळीस अंशांत नेलं, तर गळती पाच-सहा पट होईल. साडेचार व्होल्टचा तोल ढळतो, सूर आक्रसतो, तुटक होतो. स्टेजवरच्या दिव्यांखालीही हेच होतं. म्हणून आजच्या काही प्रतिकृतींवर तोल सावरायला एक जादा छोटा नॉब असतो. जुन्या फझ फेसवर तो नव्हता. शुद्धतावादी त्यावर नाक मुरडतात. आपल्या हवेत राहणाऱ्या वादकाने मात्र तो नॉब आधी शोधावा.

याच कटकटीमुळे साठच्या दशकाच्या अखेरीला आर्बिटरही सिलिकॉनकडे वळले. ‘बीसी १०८’, ‘बीसी १८३’ असे ट्रान्झिस्टर आले. उष्णतेला न घाबरणारे, जास्त ताकदीचे, आणि धारदार आवाजाचे. हेंड्रिक्सने तेही वापरले. फझ फेसचं नाव १९९३ पासून अमेरिकेतल्या डनलॉप कंपनीकडे आहे आणि ती दोन्ही जातींची पेडलं काढते, मोठ्या गोल डब्यातही आणि तळहाताएवढ्या छोट्या डब्यातही.

[गिटारवादकाचा हात. गिटारवरचा आवाजाचा नॉब हळूहळू मागे फिरतो. फझ विरळ होत जवळजवळ स्वच्छ सूर उरतो.]

निवेदन :
आता हे ऐका. पेडलला हात लावलेला नाही. फक्त गिटारचा नॉब मागे घेतला आणि गुरगुर विरघळून काचेसारखा स्वच्छ सूर उरला. चांगल्या जर्मेनियम फझची खरी ओळख इथे पटते. फझ फेसचं तोंड इतकं हावरट आहे, की गिटारच्या तारांचं कंपन टिपणाऱ्या पिकअपमधली तारेची गुंडाळीही त्या सर्किटचाच भाग होऊन बसते. मध्ये दुसरं एखादं पेडल आलं आणि त्याने सिग्नल आधीच बळकट करून पुढे पाठवला, तर ते नातं तुटतं. आवाज कर्कश होतो, आणि नॉब मागे घेऊनही तो साफ होत नाही. प्रतिकृती निकृष्ट निघाली म्हणून विकून टाकलेल्या कितीतरी पेडलांचा दोष एवढाच असतो, की ती रांगेत चुकीच्या जागी होती. फझ फेस गिटारला थेट जोडा, त्याच्या आधी काही नको.

वीजपुरवठ्याचाही असाच घोळ. जुन्या जर्मेनियम फझमध्ये बॅटरीचं धन टोक सर्किटच्या ‘ग्राउंड’ला जोडलेलं असतं, बाकीच्या पेडलांच्या नेमकं उलट. एकाच अडॅप्टरवर सगळी लावली की शॉर्ट होतं. आजचे निर्माते उलट्या जातीचे ट्रान्झिस्टर शोधतात किंवा आत व्होल्टेज उलटवणारी चिप बसवतात. याने आवाज बिघडतो, असं कुणी सांगितलं तर डोळे मिटून दोन्ही ऐका आणि मग ठरवा.

[न्यूयॉर्क. मोठ्या चौकोनी पत्र्याच्या डब्यावर लाल-काळी अक्षरं.]

निवेदन :
‘बिग मफ’ची कथा वेगळी. न्यूयॉर्कच्या माइक मॅथ्यूज यांच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीने ते १९६९ च्या सुमारास आणलं. चार सिलिकॉन ट्रान्झिस्टर, आणि मध्ये दोनदा डायोडने लहर कापणं. सिलिकॉन असल्यामुळे याची प्रत काढणं सोपं असायला हवं. पण कंपनी वर्षानुवर्षं आतल्या रेझिस्टर-कॅपॅसिटरची मापं बदलत राहिली, आणि बिग मफचं अख्खं कुळच तयार झालं. नॉबांच्या मांडणीवरून एकाला ‘ट्रँगल’ म्हणू लागले, डब्यावरच्या चित्रावरून दुसऱ्याला ‘रॅम्स हेड’. नव्वदच्या दशकात मॅथ्यूज यांनी रशियात बनवून घेतलेला हिरवा डबा ‘ग्रीन रशियन’ झाला. ही टोपणनावं वादकांनी आणि संग्राहकांनी पाडलेली. २०१७ पासून कंपनीने छोट्या डब्यांत या आवृत्त्या पुन्हा काढल्या तेव्हा तीच टोपणनावं वापरली. मला हे फार आवडलं. कुठला जुना नग जपण्याजोगा, हे कानांनी ठरवलं आणि कारखान्याने ते मानलं.

मोठी घराणीही मागे राहिली नाहीत. २०२१ मध्ये जपानच्या बॉस कंपनीने सोला साउंडच्या सोबतीने जर्मेनियमचं टोन बेंडर काढलं, फक्त ३,००० नग. २०२२ मध्ये गिब्सनने मेस्ट्रोचं नाव पुन्हा जागं केलं. त्यांचं नवं फझ-टोन मात्र जुन्याचा चेहरा घेऊन आतून आधुनिक आहे. ते वाईट नाही, पण प्रतिकृती म्हणून ते विकत घेऊ नये.

हे सगळं कायद्यात बसतं कसं? स्नॉडी आणि हॉब्ज यांना १९६५ साली पेटंट मिळालं. अमेरिकेत तेव्हा त्याची मुदत १७ वर्षांची, म्हणजे ती केव्हाच उलटली. सर्किट मोकळं आहे, नावं आणि विशिष्ट चेहरे तेवढे मालकीचे. त्यामुळे हसऱ्या गोल डब्याचं सर्किट चौकोनी डब्यात, दुसऱ्या नावाने मिळतं. काही निर्माते मात्र हे मोकळं सर्किटसुद्धा काळ्या डिंकासारख्या थराखाली झाकून टाकतात. साठ वर्षं हातोहात फिरलेली विद्या अशी पुरून ठेवणं मला पटत नाही.

[मुंबई, लॅमिंग्टन रोड. सुट्या भागांची दुकानं. मग पुन्हा कामाचं टेबल.]

निवेदन :
ज्यांना स्वतः बनवायचं आहे त्यांच्यासाठी एक धागा आपल्याकडेही आहे. फझ फेसमध्ये सापडणारे ‘एसी १२८’ आपल्याकडच्या जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंत स्पीकर चालवायला सर्रास असत. माळ्यावरचा बंद रेडिओ, भंगारातली पाटी, जुन्या दुरुस्तीच्या दुकानातला खण, इथे ते अजून मिळू शकतात. नव्या पाकिटात स्वस्त मिळणाऱ्यांवर मात्र पटकन विश्वास ठेवू नका. नंबर पुसून नवा छापलेला माल बाजारात बराच आहे. नेहमीच्या मीटरवर दिसणारा आकडाही फसवतो, कारण त्यात गळतीचा वाटा मिसळलेला असतो. आधी गळती मोजा, तिचा वाटा वजा करा, उरेल ती खरी ताकद.

आणि मोजताना ट्रान्झिस्टर बोटांत धरू नका. बोटांच्या उबेनेही आकडा चढतो. मीटरमध्ये बसवा, हात काढा, आकडा खाली येऊन स्थिर होईपर्यंत थांबा, आणि मग लिहून घ्या.

[मीटरवरचा आकडा हळूहळू उतरतो. पेनने कागदावर नोंद. श्रेयनामावली.]