खत विरघळताना पाणी गार का पडते?

नमस्कार. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव या पट्ट्यात ज्यांची द्राक्षबाग आहे, त्यांच्या हातांना हे ठाऊक आहे: बादलीत तेरा-शून्य-पंचेचाळीस, म्हणजेच पोटॅशियम नायट्रेट, टाकून काठीने ढवळू लागले की बादली बाहेरूनही गार लागते. 10 लिटर पाण्यात 1 किलो खत विरघळले, तर तापमान सुमारे 7 ते 8 अंशांनी उतरते. ही उष्णता जाते कुठे?

स्फटिकातील धन आणि ऋण आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांना सोडवण्यासाठी ऊर्जा खर्ची पडते, आणि सुटलेल्या आयनांभोवती पाण्याचे रेणू गोळा झाले की त्यातली बरीचशी परत मिळते. पोटॅशियम नायट्रेटमध्ये या हिशेबात दर मोलमागे (मोल हे पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे रसायनशास्त्रातले एकक) सुमारे 35 किलोज्यूलची तूट येते आणि ती पाण्याच्या उष्णतेतून भरली जाते. खायच्या मिठात हीच तूट जेमतेम 4 किलोज्यूल असते. कॅल्शियम क्लोराइड तर उलट पाणी तापवते.

मग तुटीत जाणारी क्रिया आपोआप घडतेच कशी? माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच आहे. स्फटिकात जागच्या जागी जखडलेले आयन पाण्यात मोकळे फिरू लागतात, म्हणजे एन्ट्रॉपी, अर्थात कणांच्या विखुरलेपणाचे माप, वाढते. आणि एन्थाल्पीतील बदलातून (म्हणजे वरच्या उष्णतेच्या तुटीतून) तापमान व एन्ट्रॉपीतील बदल यांचा गुणाकार वजा केल्यावर उत्तर ऋण आले, तर ऊर्जेची तूट असूनही खत विरघळते.

या सूत्रात तापमान गुणाकारात आहे, आणि निफाडच्या थंडीत नेमके तेच कमी पडते. 100 ग्रॅम पाण्यात 30 अंशांना सुमारे 46 ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट विरघळते, तर 10 अंशांना जेमतेम 21 ग्रॅम. त्यामुळे दुपारी नितळ दिसणाऱ्या दाट द्रावणात पहाटे पारा उतरला की टाकीच्या तळाशी सुयांसारखे स्फटिक बसतात. खत भेसळीचे असल्याची शंका तेवढ्यावरून घेऊ नये; ऊन चढल्यावर ढवळले, की ते पुन्हा विरघळतात.

कॅल्शियम नायट्रेट आणि शून्य-शून्य-पन्नास, म्हणजेच पोटॅशियम सल्फेट, एकाच टाकीत ओतल्यावर बसणारा पांढरा गाळ मात्र वेगळा असतो. तो जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो, लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतो आणि ऊन चढल्यानेही हटत नाही. ठिबकचे ड्रीपर चोक होतात ते त्यानेच. ही दोन खते वेगवेगळ्या दिवशी सोडावीत.