मैदान वर, पाईप खाली

मंडळी, वेळ थोडा आहे. अध्यक्षांनी घड्याळाचं तोंड माझ्याकडे फिरवलंय, तेही दिसतंय.

शाळेत मैदान करायचं म्हटलं की आधी उद्घाटनाची तारीख ठरते. 26 जानेवारी! मग मुरूम येतो, रोलर येतो, आणि सगळ्यात शेवटी कुणाला तरी आठवतं की टाकीपासून नळकोंडाळ्याकडे जाणारी पाईप ह्याच्याच खालून गेलीय. नेमकी कुठून? नकाशा नसतो. असलाच तर कागदावरची लाईन आणि जमिनीतली लाईन ह्यांची कधी भेट झालेली नसते. माहिती असते एकट्या शिपाईमामांना, आणि ते निवृत्त झालेले. (हशा) हसू नका. मामांना रिक्षा पाठवा, चहा पाजा, ते बोट दाखवतील तिथे फक्कीची रेघ मारा. पाणाड्या नको, त्याचा नारळ पीव्हीसीवर उभा राहत नाही! धातू शोधणारं यंत्रही पीव्हीसीपुढे मुकं. तेव्हा रेघेला आडवे चाचणी खड्डे घ्या, टिकाव-फावड्यानं. जेसीबीलाही पाईप सापडते, पण दोन तुकड्यांत.

आता ती सापडलेली पाईप. जुनी जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेली लोखंडी पाईप असेल तर मधली नळी ठणठणीत दिसते, गंजतात ते आटे, कारण आटे पाडतानाच तिथला जस्ताचा थर निघून गेलेला असतो. त्यावरून आठ-दहा टनी रोलर व्हायब्रेशन चालू ठेवून फिरला की कपलिंग, म्हणजे दोन नळ्या जोडणारा तुकडा, सुटतं. लगेच कळत नाही, मुरूम पाणी पिऊन टाकतो. महिन्याभरानं कबड्डीच्या मैदानात एक जागा पायाखाली दबायला लागते. त्याहून वाईट म्हणजे टाकी संपून लाईन रिकामी झाली की त्याच भोकातून गढूळ पाणी आत येतं, आणि मुलं तेच पितात. म्हणून रोलरच्या आधी, शनिवारी शाळा सुटल्यावर टाकीत येणारं पाणी बंद, सगळे नळ बंद, पातळीवर खूण. सोमवारी पातळी खाली गेली असेल तर गळती आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं! आणि मुख्य मुद्दा तसाच राहिलाय: पाईप मैदानाखाली ठेवूच नका, कुंपणाच्या कडेनं फिरवा. जुनी लाईन दोन्ही टोकांना डमी, म्हणजे बूच, लावून बंद करा. नवा चर सुमारे मीटरभर खोल. तळाला 10 सेंटिमीटर वाळू, पाईपवर 30 सेंटिमीटरपर्यंत वाळू किंवा चाळलेली माती, त्यावर इशारा-पट्टी, मग 15-15 सेंटिमीटरचे थर पाणी मारून धुम्मसानं ठोकायचे. काळ्या मातीत वाळूत कंजुषी नको. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि जोड ओढते. सोल्व्हंटचा, म्हणजे पीव्हीसी चिकटवायच्या द्रावणाचा, जोड 24 तास वाळू द्या, कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन तपासा, तोवर जोड मातीनं झाकू नका. संडासाच्या लाईनीपासून 3 मीटर लांब. मैदान ओलांडणं टळतच नसेल तर मोठ्या पाईपच्या आतून, मध्ये जोड नसलेली एचडीपीईची, म्हणजे वाकणाऱ्या प्लास्टिक पाईपची, गुंडाळी घाला. व्हॉल्व्हची चेंबरं दोन्हीकडे, पण धावपट्टीच्या पलीकडे. चर बुजवण्याआधी भिंतीच्या कोपऱ्यापासून टेप धरून फोटो काढा आणि मापं मुख्याध्यापकांच्या फायलीला लावा.

स्प्रिंकलरचं राहिलं. ते चहाच्या वेळी विचारा.