काठी उभी ठेवायची म्हणजे काय काय करावं लागतं

हे यंत्र नीट बघा, रुळावर एक छोटी गाडी आणि तिच्यावर बिजागरीवर उभी असलेली काठी. इन्व्हर्टेड पेंडुलम. मेकॅनिकलच्या कंट्रोल लॅबमध्ये हे हमखास असतंच, आणि काठी उभी ठेवण्यात कसलं आलंय संशोधन असं वाटत असेल तर जरा थांबा.

३० सेंटीमीटरची काठी किंचित कलली की तो कल साधारण दर ०.१ सेकंदाला दुप्पट होत जातो. तेवढ्यात एन्कोडरनं कोन मोजायचा, कंट्रोलरनं हिशोब करायचा, मोटरनं गाडी काठीखाली सरकवायची, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा, न चुकता. यात कुठेही उशीर झाला की गाडी कालच्या बातमीवर धावते आणि काठी आडवी. काठी जितकी आखूड तितकं हे अवघड.

कंट्रोलर बऱ्याचदा पीआयडी असतो, म्हणजे आत्ता किती चूक आहे, आजवर किती साचली आणि किती वेगानं वाढतेय, या तिन्हींचा मेळ. निकोलस मिनोर्स्कीनं १९२२ मध्ये जहाजाच्या सुकाणूसाठी याचं गणित मांडलं आणि आजही कारखान्यातले बहुतेक लूप, म्हणजे मोजायचं आणि सावरायचं अशी सतत चालणारी चक्रं, त्यावरच चालतात, मला तर याचं फार कौतुक वाटतं.

आता गाडीकडे बघा, काठी उभी आहे तरी ती सारखी मागेपुढे सरकतेय ना? हे घर्षणामुळे. मोटरचा जोर कमी असतो तोवर गाडी जागची हलत नाही, तेवढ्यात काठी कलते, मग जोर वाढतो आणि गाडी एकदम सुटून पुढे जाते, परत तेच. कागदावरच्या मॉडेलमध्ये हे घर्षण बऱ्याचदा धरलेलंच नसतं, आणि संशोधनाचा मोठा वेळ जातो तो इथेच, मॉडेल आणि खरं यंत्र यांच्यातल्या फरकात.

१९६० मध्ये रुडॉल्फ कालमननं फिल्टर दिला, मोजमापातल्या गोंगाटातून यंत्राची खरी स्थिती ओळखणारा. तो आणि ऑप्टिमल कंट्रोल (ठरवलेल्या निकषावर सगळ्यात चांगला ठरणारा कंट्रोलर गणितानं काढणं) एकत्र आले की आता फिकीर नाही असं वाटू शकतं, पण जॉन डॉयलनं १९७८ मध्ये दाखवून दिलं की मॉडेल जरासं चुकलं तरी ही जोडी कोसळू शकते, तशी कुठलीच हमी नाही. रोबस्ट कंट्रोलच्या, म्हणजे मॉडेल चुकलं तरी टिकून राहणाऱ्या कंट्रोलच्या, कामाला यातून मोठा जोर मिळाला.

आणि २०१३ मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी तर एकावर एक तीन काठ्या, खाली लोंबकळत असलेल्या, झोका देऊन वर उभ्या केल्या, गाडीनं कसं धावायचं ते आधीच गणितानं काढून ठेवलेलं आणि चुकेल तेवढं फीडबॅकनं, म्हणजे मोजून लगेच दुरुस्त करत, सावरायचं.