देवगडचा पाऊस आणि ३०० बॉडची लाइन

देवगड, जुलै महिना. हापूसचा हंगाम कधीच आटोपलाय, मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या. सकाळपासून लाइट नाही. इन्व्हर्टरवर लॅपटॉप, मोबाइलच्या हॉटस्पॉटला रेंजची जेमतेम एक काडी. त्या एका काडीवर एक प्रोग्रामर मुलगी लांबच्या सर्व्हरवरची फाइल दुरुस्त करतेय. पडद्यावर मेनू नाहीत, बटणं नाहीत. हा व्हिम, कळांवर चालणारा टेक्स्ट एडिटर.

त्याचा पूर्वज व्हीआय. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी तो लिहायला घेतला. घरी फोनच्या लाइनवर ३०० बॉड वेगाचा मोडेम. सेकंदाला ३० अक्षरं; पडदा पूर्ण भरायला मिनिटभर! अशा लाइनवर आज्ञा लांबलचक असून चालणारच नव्हतं. त्यांच्या एडीएम-३ए टर्मिनलला, म्हणजे पडदा आणि कीबोर्डच्या जोडीला, बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. बाण एच, जे, के, एलवरच छापलेले. आज तिची बोटं तिथेच फिरतात.

आता नीट बघा. फाइलमध्ये जुना पत्ता बऱ्याच ठिकाणी आहे. ती तिरकी रेघ देऊन तो शोधते. मग सी, आय, अवतरणचिन्ह: अवतरणातला मजकूर गेला. नवा पत्ता टाइप केला, एस्केप. पुढच्या ठिकाणी फक्त एन, आणि एक टिंब. एन, टिंब. टिंब म्हणजे आधीचा बदल पुन्हा करणं. मध्येच रेंज गेली तरी बहुतेक काम स्वॅप फाइलमधून, म्हणजे व्हिम आपोआप ठेवतो त्या नोंदीतून, परत मिळतं.

सुरुवात मात्र जड जाते, हे लपवण्यात अर्थ नाही. लिहायला जावं तर अक्षरं आज्ञा होतात, ओळीच्या ओळी गायब. बाहेर कसं पडायचं तेही कळत नाही. (एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह.) व्हिमट्यूटर हा सोबतचा धडा अर्ध्या तासाचा आहे, पण बोटांना वळण लागायला काही आठवडे जातात आणि तोवर कामाचा वेग खरंच पडतो. डेडलाइन डोक्यावर असताना शिकायला बसू नये. दुसऱ्याची भलीमोठी सेटिंग्ज फाइलही उचलू नये. आपल्याला काय लागतं तेच मग कळत नाही.

एवढं सोसायचं कशाला? कारण प्रोग्रामर नवं लिहितो त्याहून कितीतरी जास्त वेळ जुनं वाचतो, बदलतो. व्हिमच्या आज्ञा त्याच कामासाठी घडल्यात.

तिने एक बदल मात्र केलाय. एडीएम-३एवर एस्केप आजच्या टॅबच्या जागी होती, करंगळीजवळ. आता ती कोपऱ्यात गेलीय. म्हणून तिने कॅप्स लॉकलाच एस्केप करून टाकलंय.