शटर उचलतं कोण?

(नागपुरातल्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळापुढे केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘घरच्या गॅरेजचा दरवाजा : भाग आणि निगा’. वेळ दिलीय पाऊण तास. त्यातला बराचसा वाढदिवसांच्या सत्कारात गेला. तक्रार नाही, एक शाल मलाही मिळाली. मेच्या तोंडावर शाल देणं नागपूरकरांनाच जमतं. तर निगेचं शेवटी सांगतो. आधी एक गोष्ट डोक्यात बसली पाहिजे, नाहीतर निगेला अर्थ नाही.

मला सांगा, तुमच्या पार्किंगचं शटर कोण उचलतं? (मागून आवाज : “आमच्याकडे सूनबाई!”) घ्या. सूनबाई फक्त हात लावतात हो. उचलते ती स्प्रिंग.

साधा हिशेब करू. दहा फूट रुंद, आठ फूट उंच शटर, म्हणजे साधारण 7.4 चौरस मीटर. एक मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला 7.85 किलो भरतो. झाले 58 किलो. हा सपाट पत्र्याचा हिशेब. शटरच्या पट्ट्या एकमेकींत अडकाव्यात म्हणून त्यांच्या कडा वळवलेल्या असतात, तिथे पत्रा जास्त लागतो. शिवाय खालची जाड पट्टी, कुलपं, कड्या. 70-80 किलोला मरण नाही. सूनबाई एका हातात दुधाची पिशवी धरून दुसऱ्या हातानं 80 किलो उचलत असतील, तर सत्कार त्यांचा करा.

वरच्या पेटीत आडवा पाईप असतो, त्यावर गोल डबे दिसतात. त्या डब्यांत पोलादी पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग असते. शटर खाली ओढलं की ती आवळत जाते आणि वर नेताना तीच ताकद परत देते. यातली गंमत बघा. शटर जसं वर गुंडाळलं जातं तसं लोंबणारं वजन कमी होतं, आणि स्प्रिंगही तशीच ढिली होत जाते. दोघांचं जमलं की करंगळीनं शटर चालतं. ज्यानं हे पहिल्यांदा जुळवलं त्याला माझा नमस्कार.

आता आपल्यापैकी निम्मे लोक हिवाळ्यात मुलाकडे अमेरिकेत असतात. (हशा) हसू नका, या सभागृहात ह्यूस्टनचे पिनकोड तोंडपाठ असलेली माणसं आहेत. तिथला गॅरेजचा दरवाजा गुंडाळत नाही. आडव्या फळ्यांना बिजागऱ्या असतात, कडेला चाकं, आणि तो रुळांतून छताखाली सरकतो. आपल्याकडेही बेसा, मनीषनगरकडच्या नव्या बंगल्यांत आता दिसायला लागलाय. त्याच्या डोक्यावर आडव्या दांड्यावर पिळाची स्प्रिंग असते, दोन टोकांना दोरखंडाचे ड्रम, आणि पोलादी दोऱ्या थेट खालच्या कोपऱ्यांपर्यंत. यंत्र वेगळं, पण वजन पुन्हा स्प्रिंगच पेलते. छताला टांगलेली ती मोटर बिचारी नुसती पुढे-मागे ढकलते. ती स्प्रिंग बहुतेक 10,000 वेळा उघड-मिट होईल या अंदाजानं बनवतात. दिवसातून चारदा उघडलंत तर झाली सात वर्षं. मग एके रात्री गॅरेजमधून बंदुकीसारखा आवाज येतो, आजोबा उठून बसतात, आणि पोरगा म्हणतो, “बाबा, झोपा, स्प्रिंग गेली.”

याच मुद्द्यावर आमच्या मेहुण्यांचं प्रकरण सांगतो. त्यांची परवानगी घेतलेली नाही, पण ते आज आलेलेही नाहीत.

मेहुणे राहतात प्रतापनगरला. बँकेतून निवृत्त, म्हणजे पासबुकातला पैसा न् पैसा जुळणार, पण घरातली एक वस्तू उघडून बघणार नाहीत. त्यांचं शटर जड व्हायला लागलं. आधी एका हातानं व्हायचं, मग दोन हात, मग गुडघा लावून, मग शेजारच्या पोराला हाक. माणसाला वाटतं आपलं वय झालं. शटरचं काही झालं असेल असं मनातही येत नाही! शेवटी कारागीर बोलावला. तो आला, चहा प्याला, वर बघितलं, म्हणजे नुसतं बघितलं, पेटी उघडली नाही, आणि म्हणाला, “काका, आता वय झालं तुमचं. मोटर लावून टाका ना. बटन दाबलं का झालं!” मेहुण्यांना पटलं, कारण निदान त्यांनी स्वतः आधीच करून ठेवलं होतं.

मोटर लागली. कोणती? पाईपवर मधोमध बसते ती. इथे जरा थांबा. शटरच्या मोटरी मुख्यतः दोन जातींच्या. एक बाजूला बसते, साखळी आणि गिअरवर चालते, ती सगळं वजन स्वतः ओढते, तिला स्प्रिंग नसली तरी चालतं. दुसरी पाईपवर बसणारी. ती स्प्रिंग ठणठणीत आहे असं धरूनच बनवलेली असते. आणि मेहुण्यांच्या डब्यातली एक स्प्रिंग तुटून पडली होती.

हिवाळा निघाला. मे आला. आपल्या गावाचा मे! 2013 साली 47.9 अंश बघितलेत आपण. पश्चिमेकडचं पत्र्याचं शटर, वरच्या बंद पेटीत मोटर, आणि तिच्या वाट्याला दुप्पट ओझं. काटोलला लग्न, मुहूर्त बाराचा. मेहुण्यांनी बटन दाबलं, शटर अर्धं वर गेलं आणि थांबलं. मोटर जास्त तापली की आतलं एक कटआउट तिला बंद करतं, जळू नये म्हणून. ती थंड होईपर्यंत थांबायचं असतं. पण तिथे कोणाला धीर? बटन, पुन्हा बटन, पुन्हा बटन. गाडी आत, वऱ्हाड बाहेर, आणि मेहुणे नव्या कुर्त्यात अर्ध्या शटरखालून वाकून ये-जा करतायत. खाली वाकताना कोणी वर बघावं की नाही? 80 किलो डोक्यावर लटकलंय, तेही तुटक्या स्प्रिंगवर! शेवटी ऑटोनं गेले. अक्षता हुकल्या, जेवणाला पोचले. आमच्याकडे त्याला वेळेवर पोचणंच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी तोच कारागीर म्हणतो, “मोटर लहान पडली काका.” मोठी लावली! मोठीनं ओढलं, पण एका बाजूला स्प्रिंग आहे, एका बाजूला नाही, त्यामुळे शटर तिरपं चालून कडेच्या चॅनेलला, म्हणजे ज्या खाचेतून ते सरकतं तिला, घासायला लागलं. पुढे दुसऱ्या एकानं पेटी उघडली, डबा खोलला, तुटकी पट्टी बाहेर काढून मेहुण्यांच्या हातात ठेवली. नवी स्प्रिंग मोटरच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नव्हती. माझा राग त्या कारागिरावर कमी आहे, त्याला मोटर विकायची होती. राग याचा, की आपण नागपूरकर होळी झाली की कूलर खाली काढतो, गवत बदलतो, पंप उघडून बघतो, पंख्यात तेल सोडतो, बायकोला टॉर्च धरायला लावतो. आणि रोज डोक्यावरून जाणाऱ्या शटरची पेटी बांधल्यापासून उघडत नाही.

(चिठ्ठी आली.) दहा मिनिटं? बरं. मग भराभर सांगतो, लिहून घ्यायचं त्यांनी घ्या.

पहिली परीक्षा तोलाची. वीज बंद करा, मोटर सोडवा. सरकत्या दरवाजाला त्यासाठी लाल दोरी लोंबत असते, ती मात्र दरवाजा पूर्ण बंद असताना ओढायची. मग हातानं अर्ध्यावर नेऊन सोडा, पण पाय खाली ठेवू नका. जागेवर थांबला तर तोल ठीक. धाडकन खाली आला किंवा आपोआप वर पळाला, तर कारागीर बोलवा. स्वतः स्प्रिंगला हात लावायचा नाही. आवळलेली स्प्रिंग सुटली की हात मोडते. सरकत्या दरवाजाच्या खालच्या कोपऱ्यातल्या बोल्टलाही नाही, तिथे दोरीचा सगळा ताण असतो.

दुसरं, तेल. गाड्यांचं जळकं ऑइल चॅनेलमध्ये ओतणारे इथे किती आहेत? हात वर करू नका, चेहऱ्यावरून कळतं. आपल्याकडची धूळ त्यात बसते आणि घासणारा लगदा होतो. चॅनेल आणि रूळ कोरड्या फडक्यानं पुसायचे, फार तर सिलिकॉनचा हलका फवारा. बिजागऱ्या, बेअरिंग, पिळाची स्प्रिंग यांना पांढरं लिथियम ग्रीस चालतं. नायलॉनच्या चाकांना नाही. आणि तो निळा-पिवळा डबा, डब्ल्यूडी-40, 1953 साली पाणी हटवायला बनवला होता. गंज सोडवतो, ग्रीसची जागा घेत नाही.

तिसरं, मोटरवाल्यांनी महिन्यातून एकदा दीड इंच जाडीची फळी दाराखाली आडवी ठेवून दार लावून बघायचं. फळीला टेकताच ते परत वर गेलं पाहिजे. दोन बाजूंना जमिनीपासून फार तर सहा इंचांवर सेन्सर असतात, त्यांच्यामध्ये काही आलं की दार उलटतं. अमेरिकेत 1993 पासून नव्या मोटरींना असं संरक्षण सक्तीचं आहे, लहान मुलं दाबली गेली म्हणून. आपल्याकडे अनेक शटरांना ते नसतंच, नातवंडं असतील तर मागून घ्या. सेन्सरची काच पुसा, तिथे कोळी फार लवकर संसार थाटतो.

चौथं, पाणी. 23 सप्टेंबर 2023 ला आपला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा ज्यांच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं, त्यांना सांगायला नको. चॅनेलमध्ये गाळ वाळला की शटर अडकतं, आणि सेन्सर सगळ्यांत आधी बुडतात. गाळ ओला असतानाच धुऊन काढा, वायरिंग तपासल्याशिवाय बटन दाबू नका.

आणि वीज गेल्यावर मोटरचं शटर हातानं उघडायची साखळी किंवा किल्ली कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवा. बहुतेकांकडे ती पार्किंगच्या आतल्या खिळ्याला टांगलेली असते, आणि त्या पार्किंगला शटरशिवाय दुसरी वाटच नसते. आज घरी गेल्यावर ती काढून देवघराजवळ ठेवा.